१९७१ ची फियाट डिलाइट: मूळ रूपात ठेवावी की सुधारून घ्यावी?

प्रश्न: मखमलाबादकर

नमस्कार. माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, १९७१ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट गेल्या दिवाळीत माझ्याकडे आली. आजोबांची पिंपळगाव बसवंतला कांद्याची आडत होती आणि पिंपळगाव, लासलगाव, नाशिक या फेऱ्यांत ही गाडी तीस वर्षे अखंड चालली. ते गेल्यानंतरही काही वर्षे मामांनी ती चालवली. पुढे मात्र द्राक्षबागेतल्या शेडमध्ये विटांवर टेकवून ठेवली आणि तिथे ती नऊ वर्षे उभी होती. सध्या ती मखमलाबादला आमच्या अंगणात आहे.

टाकी उतरवून धुतल्यावर आणि कार्बोरेटर साफ केल्यावर इंजिन सुरू झाले. सुरू झाले त्या वेळी आई ओट्यावर उभी होती. तिला काही बोलवेना. पण गाडी चालवण्याजोगी आहे, असे मी म्हणू शकत नाही. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढते, पंधरावीस मिनिटांत तापते, स्टिअरिंग अतिशय जड लागते आणि स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीत इतकी ढिलाई आहे की दुसरा गिअर पडला की नाही हे क्लच सोडल्यावरच कळते. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला आहे. डाव्या दाराची खालची कडही गेली आहे. बाकी पत्रा चांगला आहे. रंग दोनदा बदललेला आहे, मात्र डॅशबोर्डच्या खाली, जिथे रंगाऱ्याचा हात पोहोचला नाही तिथे, मूळ फिकट निळसर रंग अजून दिसतो.

एका गॅरेजने सल्ला दिला आहे की हल्लीच्या एखाद्या लहान गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवून गिअर खाली फ्लोअरवर घ्यावा, पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग आणि एसी बसवावा, म्हणजे गाडी ‘आजची’ होईल. जुन्या नाशकातल्या एका वयस्कर मिस्त्रींचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे; ते म्हणतात, आहे तीच गाडी नीट करा, तिला दुसरे काही लावू नका. माझा वापर रविवारी गंगापूर धरणापर्यंत, वर्षातून दोनतीनदा वणीला आणि एखादे वेळी कसारा घाट उतरून मुंबईला, एवढाच राहील. आईची पाठवणी याच गाडीतून झाली होती, म्हणून भावना बाजूला ठेवून विचार करणे मला अवघड जाते. तरीही या गाडीत तिला बसवायचे आहे, त्यामुळे सुरक्षिततेत तडजोड करण्याची माझी तयारी नाही. काय राखावे, काय बदलावे आणि कायदा याकडे कसा पाहतो, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर: जुना सातपूरकर

नमस्कार. माझे सारे आयुष्य सातपूरच्या कारखान्यांत यंत्रांच्या देखभालीत गेले आणि १९८४ सालची एक पद्मिनी (आपल्या डिलाइटचीच पुढची आवृत्ती) मी आजही चालवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण मूळ गाडी आणि सुधारलेली गाडी यांची तुलना करत आहात. परंतु मूळ गाडी आपण अजून पाहिलेलीच नाही. नऊ वर्षे उभी राहिलेली आणि त्याआधीही बहुधा जेमतेम दुरुस्त्यांवर चाललेली गाडी आपल्यासमोर आहे. आपण सांगितलेल्या चारही तक्रारी झिजेच्या आणि दुर्लक्षाच्या आहेत; त्यांतली एकही त्या गाडीच्या रचनेतली नाही.

ब्रेकपासून सुरुवात करू. गाडी डावीकडे ओढते तेव्हा आपण डाव्या चाकाकडे पाहतो, पण दोष बहुतेक वेळा उजव्या चाकात असतो: डावे चाक आपले काम करत असते आणि उजवे करत नसते. उजवा पुढचा ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा ब्रेकचा गोल डबा, उतरवा. एक तर व्हील सिलिंडरचा (ब्रेक ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचा) पिस्टन गंजून जागीच धरलेला असेल, नाही तर रबर गळून ब्रेक ऑइल लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीवर, उतरलेले असेल. तसे असल्यास लायनर काळा पडून तेलकट, चकचकीत दिसतो आणि त्यावर बोट फिरवले की बोट ओले होते. असा लायनर धुऊन पुन्हा वापरू नये. चारही चाकांचे व्हील सिलिंडर, पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर, रबरी होजपाइप आणि लायनर एकदमच नवे घालावेत, ड्रम लेथवर तपासून घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, त्यामुळे जुने ऑइल पूर्ण काढून टाकावे आणि पुढेही दर दोन वर्षांनी बदलावे.

जड स्टिअरिंगचेही तसेच आहे. ही गाडी जेमतेम नऊशे किलोची आहे. तिला पॉवर स्टिअरिंगची गरज पडावी असे तिच्यात काही नाही. किंगपिन (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळी) कोरडे पडले असतील, स्टिअरिंग बॉक्समधले तेल आटले असेल आणि टायरांत हवा कमी असेल, तर कोणतीही गाडी जड लागणारच. किंगपिनच्या निपलांना ग्रीसगन लावा आणि जुने ग्रीस काळे, घट्ट होऊन बाहेर पडेपर्यंत भरत राहा. पुष्कळदा तेवढ्यानेच फरक जाणवतो. गिअरच्या दांडीची ढिलाई म्हणजे खालच्या जोडदांड्यांचे झिजलेले बुश. किरकोळ किमतीची वस्तू आहे. बसवून ॲडजस्टमेंट केली की दुसरा गिअर जिथे असायला हवा तिथे सापडतो.

तापण्याबाबत मला पहिला संशय पाण्याचा येतो. आपल्याकडे अनेकांनी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरले आणि त्याचा क्षार आतल्या नळ्यांत साठत गेला. रेडिएटर उतरवून, उघडून, नळ्या साफ करून घ्या आणि पुढे शुद्ध पाणी व कूलंटच वापरा. ब्लॉकमधला गाळही काढायला सांगा. आणि कुणी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकायचा सल्ला दिला, तर तो ऐकू नका. तो नसला की थंडीत इंजिन वेळेवर गरम होत नाही आणि मूळ दोष मात्र तसाच राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपण पायाखालचा पत्रा सडल्याचे ओघात लिहिले आहे. माझ्या मते तीच आपल्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. तळाचा पत्रा गेला की ताकद गेली, मग वर कितीही उत्तम ब्रेक बसवा. सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून, त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करून घ्या आणि हे काम चालू असताना स्वतः समोर उभे राहा. पुट्टी किंवा फायबर लावून वर मॅट अंथरून देणारे कारागीर पुष्कळ आहेत. फ्लोअरवर गिअर घेण्यासाठी याच तळाला भोक पाडावे लागते, हेही लक्षात घ्या.

एवढे सर्व झाल्यावर गाडी हजार-दोन हजार किलोमीटर चालवा. त्यानंतरही जे कमी वाटेल, त्याचा विचार तेव्हा करावा.


उत्तर: थळघाट

वर सातपूरकर काकांनी लिहिलेले अक्षरशः खरे आहे. माझ्यावर वेळ आली म्हणून सांगतो. दहाबारा वर्षांपूर्वी मी माझ्या पद्मिनीत दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून घेतले. गॅरेजचे नाव लिहीत नाही, कारण निर्णय माझा होता.

पहिले दोन महिने आनंदात गेले. मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. मूळ इंजिन १०८९ सीसीचे, साधारण चाळीस अश्वशक्तीचे. मागचा ॲक्सल, ब्रेक आणि स्प्रिंगचे पाटे या सर्वांचा हिशेब तेवढ्याच जोरासाठी मांडलेला. नवे इंजिन जोरात पळू लागले आणि गाडी थांबेना. म्हणून ब्रेक बदलले. ब्रेकमुळे चाके बदलावी लागली, चाकांमुळे पुढच्या मडगार्डला टायर घासू लागला. इंजिनचे माउंटिंग बसवण्यासाठी पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे सांगाड्याचा आडवा आधार, कापला होता, तिथे तिसऱ्या पावसाळ्यात तडा गेला. तो तडा मला इगतपुरीच्या पुढे, घाट उतरायला सुरुवात करण्याआधी चहासाठी थांबलो तेव्हा योगायोगाने दिसला. त्या दिवशी पत्नी आणि दोन्ही मुले गाडीत होती. मी तिथूनच गाडी टोइंग करून परत आणली.

मूळ इंजिन मी तेव्हा भंगारात दिले होते, याची खंत आजही वाटते. आपण काहीही ठरवले तरी गाडीतून निघालेली एकही वस्तू देऊ नका. चिठ्ठी बांधून, तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. आणि जे काम करताना मूळ पत्रा कापावा लागतो, ते करूच नका.

सुट्या भागांची चिंता मात्र बाळगू नका. डिलाइट, तिच्यानंतरची प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी यांची यंत्रणा बहुतांशी एकच आहे, आणि मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या. त्यामुळे कुर्ल्यात आणि ऑपेरा हाऊस परिसरात शोधल्यास यंत्रणेचे भाग अजून मिळतात. दुर्मीळ असतात त्या बाहेरच्या वस्तू: मागच्या दिव्यांच्या काचा, दारांची हँडले, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्डवरची मीटर. त्या जपा.


उत्तर: आरसी बुक

कायद्याच्या बाजूविषयी थोडक्यात लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील (आरसीतील) तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली आहे. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. ती न करता गाडी चालवली आणि दुर्दैवाने अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, हा प्रश्न दंडापेक्षा फार मोठा आहे. रिले (जास्त करंट स्वतः वाहून नेणारा विजेचा स्विच), अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र), सीटबेल्ट किंवा टायर अशा बाबींनी आरसीवरील तपशील बदलत नाहीत.

दुसरा मुद्दा आपल्याला कदाचित ठाऊक नसेल. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. आपली १९७१ ची गाडी वयाने पात्र आहेच. इंजिन बदलले तर ती पात्रता जाईल. मात्र अशी नोंदणी घेण्याची घाई करू नये, कारण त्या नोंदणीवर गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. रविवारी धरणावर किंवा आईंना घेऊन वणीला जायचे असेल, तर सध्याची साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणीसह नूतनीकरण करत राहणे योग्य. नऊ वर्षे गाडी उभी होती म्हणता, तेव्हा नूतनीकरणाची मुदत उलटली आहे का आणि आरसी अजून आजोबांच्याच नावावर आहे का, हे सर्वांत आधी पाहा. वारसांची संमतिपत्रे मिळवायला मिस्त्रीच्या कामापेक्षा जास्त वेळ लागू शकतो.


उत्तर: गोदाकाठ

मी थोडे वेगळे मत मांडते. सर्वच बदल टाळावेत असे मला वाटत नाही. माझ्या सासऱ्यांची पद्मिनी मी आठवड्यातून दोनदा नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीतून चालवते आणि तिच्यात काही सुधारणा मी विचारपूर्वक केल्या आहेत.

१९७१ च्या गाडीत सीटबेल्ट नव्हतेच. ते बसवा, पण पत्र्याला नुसते भोक पाडून बोल्ट घट्ट केला तर धक्क्याच्या वेळी तो पत्रा फाडून बाहेर येईल, म्हणून आतल्या बाजूने जाड लोखंडी प्लेट देऊनच बसवा. वीज तयार करणारा जुना डायनॅमो गाडी सिग्नलला उभी असताना पुरेसा करंट देत नाही, हेडलाइट मंद होतात आणि वायपर रेंगाळतो. आषाढात पेठ रस्त्याला संध्याकाळी सापडलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. मी अल्टरनेटर बसवला आणि डायनॅमो जपून ठेवला आहे. हेडलाइटचा सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो, त्यामुळे स्विच तापतो आणि प्रकाशही कमी पडतो. दोन रिले बसवल्याने दोन्ही दोष गेले. हे सर्व एका दिवसात परत पूर्ववत करता येते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मला सातपूरकर काकांच्याही पुढे जावेसे वाटते. ड्रम उत्तम स्थितीत असले तरी त्या काळच्या गाडीत चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून एकाच मार्गाने दाब जातो. कुठेही एक पाइप फुटला की पायाखाली काहीच उरत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळा मार्ग देणारा मास्टर सिलिंडर बसवण्याचा पर्याय मी तरी नाकारणार नाही.

आणि टायर. नऊ वर्षे उभ्या गाडीचे टायर कितीही नवे दिसोत, ते बदलाच. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ते वाचले की दुसऱ्या कोणाचा सल्ला लागणार नाही.


उत्तर: जुना सातपूरकर

गोदाकाठ ताईंचा दोन मार्गांच्या मास्टर सिलिंडरचा मुद्दा मला मान्य आहे. मी तो आधीच लिहायला हवा होता. डिस्कबद्दल मात्र माझे मत कायम आहे. कसारा घाट उतरताना ड्रम तापून निकामी होतात ते पाय सतत ब्रेकवर ठेवल्यामुळे. ज्या गिअरमध्ये ही गाडी घाट चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, म्हणजे निम्मे काम इंजिन करते.

एक बदल असा आहे, जो मूळपणाचा कितीही आग्रह असला तरी करावाच लागेल: इंधनाचा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुनी रबरी पेट्रोल नळी, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधली रबरे त्याने फुगतात, मऊ पडतात आणि गळू लागतात. गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पडदे घाला. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते आणि त्यात ऑक्सिजनही असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. हल्लीच्या गाडीतला संगणक ते आपोआप सांभाळतो, कार्बोरेटर सांभाळत नाही. जाणत्या माणसाकडून जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे भोक) एक पायरी मोठे करून घ्यावे. स्पार्क प्लगचे टोक पांढरे दिसले तर मिश्रण अजून पातळ आहे, फिकट तपकिरी दिसले तर बरोबर. शिवाय इथेनॉल पाणी ओढते, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, नाही तर टाकी पुन्हा उतरवावी लागेल.

शिशाचाही प्रश्न आहे. ही गाडी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहे आणि ते देशात २००० सालापासून बंद झाले. ते शिसे व्हॉल्व्हच्या सीटला (इंजिनातली झडप जिथे टेकते त्या कडेला) झिजेपासून वाचवत असे. इंजिनचे हेड (वरचा भाग) केव्हा तरी उघडावे लागलेच, तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या. मुद्दाम त्यासाठी मात्र हेड उघडू नका.


प्रश्नकर्ता: मखमलाबादकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. थळघाट यांचा अनुभव वाचून इंजिन बदलण्याचा विचार मी त्याच रात्री सोडला.

काल जुन्या नाशकातल्या त्या मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी उजवा पुढचा ड्रम माझ्यासमोर उतरवला. एक पिस्टन पूर्ण धरलेला होता आणि खालचा लायनर काकांनी वर्णन केला तसाच, ओला आणि काळा. डाव्या ड्रममध्ये विशेष काही नव्हते. क्रम असा ठरला: आधी तळाचा पत्रा, मग संपूर्ण ब्रेक आणि दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर, मग रेडिएटर, नळ्या व टायर. सीटबेल्ट, रिले आणि अल्टरनेटर त्यानंतर. एसी नाही. आरसी अजून आजोबांच्याच नावावर आहे. मामा आणि मावशी या दोघांशीही बोललो आहे, ते सही करायला तयार आहेत.

एका गोष्टीवर मात्र घरात एकमत होत नाही. डॅशबोर्डच्या मध्यभागी आजोबांनी १९८० च्या सुमारास रेडिओसाठी पत्रा कापून चौकोनी भोक पाडले होते आणि बाजूला स्क्रूने एक छोटा पंखा बसवला होता. मिस्त्री म्हणतात, मूळ रूप द्यायचे तर भोक बुजवून पंखा काढावा. आईचे म्हणणे असे की तो पंखा तिच्यासाठीच बसवला होता, माझ्या जन्माच्या वेळी तिला उन्हाळ्यात पिंपळगावला नेताना. रंगाला डॅशबोर्ड उतरवण्यापूर्वी हे ठरवायचे आहे. आपण अशा ठिकाणी काय केले असते?


उत्तर: गोदाकाठ

पंखा ठेवा. जुने वायरिंग तेवढे बदला आणि त्याला स्वतंत्र फ्यूज द्या.


उत्तर: जुना सातपूरकर

भोकही बुजवू नये. कारखान्यातून निघाली त्या दिवशीची गाडी आपल्याला मिळालेली नाही. आपल्याला आजोबांची गाडी मिळाली आहे आणि तो कापलेला पत्रा त्यांच्या हातचा आहे. फक्त कडा घासून गंजरोधक प्रायमर लावून घ्या. पंख्याची मोटर अडकली असेल तर माझ्याकडे घेऊन या, कार्बन ब्रश बदलून देतो.